संगणकावर खरीखुरी वाटणारी धातूची वस्तू रंगवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोशॉप, गिंप, क्रिता किंवा इंकस्केप ही चित्रं काढायची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना धातू रंगवताना ज्या अडचणी हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी स्टीलचा एक सरळ दंडगोल डबा घेतला आहे आणि काही ठिकाणी क्रोमचा गोळा. पिक्सेलमधली मापं ३००० × ३००० पिक्सेलच्या चित्रासाठी आहेत. चित्र निम्म्या आकाराचं असेल तर मापंही निम्मी धरा. करड्या छटांचे आकडे ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा, असे वाचावेत.

करडा ग्रेडियंट दिला, चकाकी दिली, तरी वस्तू प्लास्टिकची का दिसते?

कारण तो ग्रेडियंट, म्हणजे एका छटेतून दुसऱ्या छटेत जाणारा उतार, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद गडद होत जातो. खडू, माती, मॅट प्लास्टिक अशा पृष्ठभागांवर प्रकाश आत शिरतो, विखुरतो आणि सगळीकडे बाहेर पडतो. म्हणून त्यांच्यावर उजेडाकडून सावलीकडे सावकाश उतार दिसतो. धातूत असं विखुरणं जवळजवळ नसतंच. त्यावर दिसतं ते फक्त प्रतिबिंब, आणि प्रतिबिंबात खिडकीची कड ही कडच असते, उतार नसतो.

म्हणून धातूवर २५० शेजारी ७० येऊ शकतो, तेही दोन-चार पिक्सेलच्या अंतरात. या एका गोष्टीची सवय झाली की अर्धं काम झालं. स्टीलचा रंग कोणता, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि वस्तूच्या आजूबाजूला काय आहे, हे आधी ठरवा. खिडकी कुठे, अंधारी भिंत कुठे, टेबल किती लांब, पार्श्वभूमी उजळ की काळी. कोऱ्या कागदावर वस्तूचं वरून दिसणारं वर्तुळ काढून भोवती या गोष्टी मांडल्या तरी पुरे. हे न ठरवता ब्रश हातात घेतला की पट्टे अंदाजाने पडतात, आणि अंदाजाने पडलेले पट्टे डोळ्याला लगेच कळतात.

प्रतिबिंबाचे पट्टे नेमके कुठे काढायचे?

इथे थोडं गणित आहे, पण ते एकदाच करायचं असतं. दंडगोलाच्या मध्यरेषेपासून पृष्ठभाग जितके अंश वळतो, त्याच्या दुप्पट अंश नजर वळते. मध्यभागी पाहणाऱ्याचीच बाजू दिसते. पृष्ठभाग ४५ अंश वळला की नजर ९० अंशांवर, म्हणजे अगदी बाजूला जाते. ४५ अंशांचा हा बिंदू चित्रात मध्यापासून त्रिज्येच्या ७१ टक्क्यांवर येतो. याचा अर्थ, उरलेल्या २९ टक्क्यांत वस्तूच्या मागचा सगळा भाग दाटीने कोंबलेला असतो. म्हणूनच खऱ्या धातूवर कडेजवळचे पट्टे अरुंद आणि मधले रुंद असतात. सगळे पट्टे सारख्या रुंदीचे काढले तर तो डबा वाटत नाही, सपाट पट्टी वाटते.

कोणतीही गोष्ट कुठे दिसेल ते असं काढा : डब्यापासून पाहणाऱ्याकडे एक रेघ कल्पा, त्या रेघेपासून ती गोष्ट किती अंशांवर आहे ते घ्या, त्याचं निम्मं करा, त्याची साइन काढा. तेवढ्या त्रिज्येवर तिचं प्रतिबिंब येतं.

समजा खिडकी डावीकडे ४० ते ७० अंशांत आहे आणि अंधारी भिंत उजवीकडे ३० ते ८० अंशांत. पार्श्वभूमी उजळ आहे, डाव्या बाजूला जरा कमी. डब्याची डावी कड ० टक्के आणि उजवी कड १०० टक्के धरली तर खिडकी २१ ते ३३ टक्क्यांत येते आणि भिंत ६३ ते ८२ टक्क्यांत. ग्रेडियंटचे थांबे, म्हणजे कोणत्या जागी कोणती छटा ते ठरवणारे बिंदू, असे लावा :

० टक्के – १५०
९ टक्के – १२०
२० टक्के – ७०
२१ टक्के – २५०
३३ टक्के – २४५
३४ टक्के – ११०
५० टक्के – ९०
६३ टक्के – ६०
६४ टक्के – २५
८२ टक्के – ३५
९१ टक्के – १७०
१०० टक्के – २०५

२० आणि २१, ३३ आणि ३४, ६३ आणि ६४ या जोड्या बघा. दोन थांबे असे चिकटून ठेवले की ग्रेडियंटमध्येच करकरीत कड मिळते. हा ग्रेडियंट लिनिअर प्रकारात, शिफ्ट (गिंपमध्ये कंट्रोल) दाबून धरून, डब्याच्या बरोबर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ओढा. गिंप २.१० पासून थांबे थेट चित्रावरच सरकवता येतात, त्यामुळे नंतर जुळवून घेणं सोपं जातं.

वस्तूच्या दोन्ही कडा गडद करायच्या ना?

नेहमीच नाही. वरच्या हिशोबाने कडेला मागची पार्श्वभूमी दिसते. मागे पांढरं असेल तर कडा पांढऱ्या होतात आणि वस्तू पार्श्वभूमीत विरघळते. वस्तूंचे फोटो काढणारे म्हणूनच फ्रेमच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना काळी पुठ्ठ्याची पानं उभी करतात. त्यांचं प्रतिबिंब कडेला बारीक काळ्या पट्टीसारखं पडतं आणि आकार उठून येतो. चित्रातही तेच करा : २ ते ६ टक्के आणि ९४ ते ९८ टक्के यांच्यामध्ये ३० ते ४० छटेची पट्टी द्या, पण अगदी शेवटची रेघ पार्श्वभूमीच्या छटेचीच ठेवा. शेवटपर्यंत काळं नेलं की बाह्यरेषा काढल्यासारखं दिसतं.

डबा वरून थोडा दिसतो आहे. मग खालच्या भागात काय येईल?

टेबल. पाहणारा वरून १० अंशांनी पाहत असेल तर उभ्या पृष्ठभागावरून नजर तेवढ्याच कोनात खाली उतरते. डब्याच्या वरच्या काठावरून निघालेली नजर उंचीच्या साधारण पावणेसहा पट अंतरावर टेबलाच्या पातळीला टेकते. टेबल त्याआधीच, समजा उंचीच्या दुप्पट अंतरावर संपत असेल, तर डब्याचा खालचा सुमारे एक तृतीयांश भाग टेबल दाखवेल आणि वरचा भाग खोली. खिडकीचा पट्टा त्या हद्दीवर तुटला पाहिजे. पट्टा वरपासून तळापर्यंत सलग उतरवणं ही चूक इतकी सर्रास होते की ती टाळली तरी चित्र निम्म्या कामांपेक्षा सरस दिसतं.

टेबलाचा भाग नवीन लेअरवर काढा, टेबलाच्या रंगाचा आणि जरा गडद. तळाला जिथे डबा टेकतो, तिथे तो आणखी काळसर होतो.

झाकणाच्या लंबवर्तुळाचं प्रमाणही याच कोनातून येतं. उंची भागिले रुंदी म्हणजे पाहण्याच्या कोनाची साइन : १० अंशांना ०.१७, २० अंशांना ०.३४, ३० अंशांना ०.५. तळाचं लंबवर्तुळ झाकणापेक्षा किंचित जास्त गोलसर ठेवा, कारण ते नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असतं. दोन्ही हुबेहूब सारखी काढली तर तळ उलटा वाकल्यासारखा भासतो.

क्रोमचा गोळा काढायचा आहे. क्षितिज सरळ की वाकडं?

कॅमेरा समतल असेल तर मधोमध सरळ आडवी रेघ. कॅमेरा वरून पाहत असेल तर क्षितिजाची कमान खाली झुकते. ३० अंशांवरून पाहताना ती मध्यभागी केंद्राच्या खाली पाव त्रिज्येइतकी उतरते, दोन्ही बाजूंना केंद्राच्या पातळीवर ०.७ त्रिज्येपाशी असते आणि तिथून कडेने वर चढत गोळ्याच्या माथ्याशी मिळते. आकाश त्या बंद वळणाच्या आत, जमीन बाहेर. आकाश वर गडद, क्षितिजाजवळ जवळजवळ पांढरं. त्याला लागून जमिनीचा सर्वांत गडद पट्टा, मग जमीन हळूहळू उजळत येते. क्रोमचा सगळा ठसका पांढरा आणि काळा जिथे भिडतात त्या रेघेत आहे. ती रेघ चुकूनही ब्लर करू नका.

ब्रश केलेल्या स्टीलचे बारीक ओरखडे कसे आणायचे?

करड्या १२८ छटेने भरलेला नवीन लेअर घ्या, वस्तूपेक्षा सगळ्या बाजूंनी १० टक्के मोठा. फोटोशॉपमध्ये फिल्टर, नॉइज, अ‍ॅड नॉइज. गॉसियन आणि मोनोक्रोमॅटिक निवडा, प्रमाण ४० टक्के. गिंपमध्ये आरजीबी नॉइज घेऊन तिन्ही रंगांचा स्वतंत्र बदल बंद करा, नाहीतर ओरखडे रंगीबेरंगी होतात. मग मोशन ब्लर, कोन ०, अंतर २०० पिक्सेल. गिंपमध्ये त्याचं नाव लिनिअर मोशन ब्लर.

आता लेअर जवळजवळ सपाट करडा दिसेल आणि फिल्टर बिघडला असं वाटेल. बिघडलेलं काही नसतं. २०० पिक्सेलची सरासरी घेतली की चढउतार सुमारे १४ पटींनी कमी होतात. लेव्हल्स उघडा आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण मधल्या उंचवट्याच्या पायथ्यांपर्यंत आणा, ओरखडे परत उठतील. शेवटी ब्लेंड मोड ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट, अपारदर्शकता २० ते ४० टक्के. लेअर मोठा घ्यायचं कारण एवढंच की मोशन ब्लर कडेला ताणलेल्या रेघा सोडतो. त्या मास्कच्या, म्हणजे लेअरचा दिसणारा भाग ठरवणाऱ्या आकाराच्या, बाहेर राहायला हव्यात.

डब्याभोवती फिरणारे ओरखडे असतील तर ते चित्रात आडवे सरळ नसतात, काठाच्या कमानीइतके वाकलेले असतात. वार्पमधल्या आर्कने वाकवून घ्या.

ओरखडे उत्तम आले, पण चकाकी त्यांच्याशी जुळत नाही.

बहुतेक शिकवण्यांमध्ये राहून जाणारी गोष्ट हीच. ओरखडे म्हणजे वर टाकलेला नुसता पोत समजू नका, ते प्रतिबिंबही बदलतात. प्रतिबिंब ओरखड्यांना काटकोनात पसरतं. ओरखडे डब्याभोवती फिरत असतील तर खिडकीचा पट्टा उभा पसरतो : बाजूंनी बऱ्यापैकी रेखीव राहतो, वर-खाली मात्र विरत जातो आणि टेबलाची हद्द पुसट होते. ओरखडे उभे असतील तर पट्टे आडवे पसरून रुंद आणि मऊ होतात. तेव्हा आधी ग्रेडियंटच्या लेअरला ओरखड्यांच्या काटकोनात १०० ते ३०० पिक्सेल मोशन ब्लर द्या, मग वर ओरखड्यांचा लेअर ठेवा. हा क्रम पाळला नाही तर आरशावर केस चिकटवल्यासारखं दिसतं.

झाकणावर गोल-गोल ओरखडे असतात, म्हणून तिथे चकाकी केंद्रातून निघणाऱ्या समोरासमोरच्या दोन पाकळ्यांची होते. कोनिकल, म्हणजे केंद्राभोवती फिरणारा, ग्रेडियंट वापरा. फोटोशॉपमध्ये त्याला अँगल म्हणतात. पहिला आणि शेवटचा थांबा एकाच छटेचा ठेवा, नाहीतर केंद्रापासून कडेपर्यंत फट दिसते. पाकळ्या सारख्या उजळ नकोत, एक २४० तर समोरची २१५. नॉइजला रेडियल ब्लरमधला स्पिन किंवा गिंपचा सर्क्युलर मोशन ब्लर. हे सगळं पूर्ण गोल वर्तुळात करा आणि शेवटी ट्रान्सफॉर्मने दाबून लंबवर्तुळ करा. आधी दाबून नंतर फिरवलं तर ओरखडे काठाला समांतर राहत नाहीत.

सोनं, तांबं, चांदी यांचे रंग कोणते घ्यायचे?

आधी सगळं करड्यात पूर्ण करा. मग वर एक रंगाचा लेअर, मल्टिप्लाय मोडमध्ये (यात वरचा आणि खालचा रंग गुणले जातात). पांढरा प्रकाश सरळ समोरून परावर्तित करताना शुद्ध धातूंचे रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने साधारण असे येतात : सोनं २५५, २२६, १५५, तांबं २५०, २०९, १९४, चांदी २५२, २५०, २४५, अ‍ॅल्युमिनियम २४५, २४६, २४६, लोखंड १९६, १९९, १९९. चांदी जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवते, लोखंड निम्म्याहून थोडा जास्त. म्हणून लोखंडावरची चकाकीसुद्धा जरा मंद हवी.

सोनं आणि तांबं हे आकडे पाहून फिके वाटतील. पण खोलगट जागी प्रकाश धातूवरून धातूवर दोनदा आपटतो आणि दर वेळी रंग गडद होतो. तिथे तोच मल्टिप्लाय लेअर दुसऱ्यांदा ठेवा : सोनं २५५, २००, ९४ होतं आणि तांबं २४५, १७१, १४८. अंगठीच्या आतल्या बाजूला सोनं तांबूस दिसतं ते यामुळे. नुसता पिवळा रंग काळ्याकडे नेला तर सावली हिरवट पडते आणि सोनं पितळेहूनही हलकं वाटतं.

घाईत असाल तर करड्या छटांच्या जागी रंग बसवणारा ग्रेडियंट मॅप वापरा : काळ्याच्या जागी ३८, १८, ४; २५ टक्क्यांवर ११०, ६२, १४; ५५ वर २०५, १५०, ५०; ८० वर २५०, २२०, १३०; पांढऱ्याच्या जागी २५५, २४८, २२०.

सोन्यावरची चकाकी पांढरी असावी का?

नाही. पिवळ्या प्लास्टिकवरची चकाकी पांढरी असते, सोन्यावरची पिवळीच असते. रंगीत धातू आणि रंगीत प्लास्टिक डोळा यावरूनच ओळखतो. अगदी तीव्र दिव्याचा ठिपका पांढरा झाला तर चालतो, कारण तिथे छटेची मर्यादाच संपते. दुसरा अपवाद गोलाईची शेवटची दोन-तीन टक्के कड. तिथे नजर पृष्ठभागाला घासून जाते आणि प्रत्येक धातूचा रंग पांढऱ्याकडे झुकतो. रंगाच्या लेअरचा मास्क त्या जागी हलकासा पुसा.

स्टीलला रंग द्यायचाच नाही का?

द्यायचा, पण अगदी थोडा. शुद्ध करडं स्टील निर्जीव दिसतं, कारण खोलीतल्या वस्तूंना रंग असतातच. खिडकीच्या पट्ट्याला किंचित निळसर, टेबलाच्या प्रतिबिंबाला टेबलाचा रंग. सॅच्युरेशन ३ ते ८ टक्के पुरे. शेजारी लाल वस्तू असेल तर मात्र तिचा पट्टा ठळक लालच हवा.

सगळं नीट असून वस्तू कागदातून कापल्यासारखी दिसते.

काठाची जाडी काढलेली नाही. धातूचा कोणताही काठ, कितीही धारदार वाटला तरी, थोडा गोल असतो. एवढ्याशा गोलाईत तो बऱ्याच दिशांचा उजेड पकडतो. झाकणाच्या काठावर ३ ते ५ पिक्सेलची उजळ रेघ काढा आणि तिला लागून आतल्या बाजूला २ पिक्सेलची गडद. उजळ रेघ सगळीकडे सारखी नको. खिडकीच्या बाजूला २५५, पलीकडे १४०, मध्ये एखाद्या ठिकाणी जवळजवळ नाहीशी. पाथ काढून त्यावर स्ट्रोक द्या आणि मास्कमध्ये मऊ ब्रशने तोडा.

बेव्हल अँड एम्बॉस वापरून काम होत नाही का?

फोटोशॉपचा हा उठाव देणारा इफेक्ट अक्षरांसाठी चालतो. इनर बेव्हल, चिझल हार्ड, ग्लॉस कंटूर रिंग डबल आणि अँटी-अलियास्ड चालू. पण हा इफेक्ट आजूबाजूचं काही जाणत नाही, नुसता कोनावरून उजळ-गडद ठरवतो, त्यामुळे त्याने केलेलं प्रत्येक काम एकसारखं दिसतं.

अक्षरांना वितळलेल्या क्रोमचं रूप हवं असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरं, १० ते १५ पिक्सेल गॉसियन ब्लर, आणि कर्व्ह्जमध्ये तीन चढ-उतारांची नागमोडी रेघ. नंतर मूळ अक्षरांच्या आकाराचा मास्क लावा. ब्लर करण्याआधीच फाइल १६ बिटमध्ये घ्या, कारण पुढच्या प्रश्नात आहे.

ग्रेडियंटमध्ये पायऱ्या दिसतात. का?

८ बिटमध्ये छटा २५६च असतात. ९० ते ११० असा उतार १००० पिक्सेलवर पसरवला तर प्रत्येक छटेला ५० पिक्सेलची पट्टी येते आणि ती डोळ्याला दिसते. कर्व्ह्ज ओढले की पायऱ्या आणखी उठतात. १६ बिटमध्ये काम करा. गिंपमध्ये ही सोय २.१० पासून, इमेज मेनूतल्या प्रिसिजनमध्ये आहे. ग्रेडियंट टूलचं डिदर (छटांच्या सीमा ठिपक्यांनी मिसळणारी सोय) चालू ठेवा आणि शेवटी १ टक्का मोनोक्रोम नॉइज द्या.

इंकस्केपमध्ये कोनिकल ग्रेडियंट सापडत नाही.

तयार स्वरूपात नाहीच. ०.९२ पासून मेश, म्हणजे जाळीच्या बिंदूंना रंग देऊन होणारा, ग्रेडियंट आहे, त्यातल्या कोनिकल प्रकाराने झाकण रंगवता येतं. मात्र ब्राउझर मेश दाखवत नाहीत, म्हणून चित्र पीएनजी करून द्या. डब्यासाठी साधा लिनिअर ग्रेडियंट पुरतो.

सावली कशी द्यायची?

दोन थरांत. टेकल्या जागी अरुंद, ६ पिक्सेल ब्लरची, जवळजवळ काळी. तिच्याखाली रुंद, १०० ते १५० पिक्सेल ब्लरची, ३० टक्के अपारदर्शक. एकच मऊ सावली दिली तर वस्तू तरंगते. चकचकीत धातू टेबलावर उजेडही फेकतो. खिडकीच्या बाजूला एखादा फिका वाकडा कवडसा स्क्रीन मोडमध्ये दिला की वस्तूला वजन येतं.

खऱ्या खोलीचं प्रतिबिंब वापरता येईल का?

येईल, आणि गुंतागुंतीच्या वस्तूंसाठी तेच बरं. पॉली हेवन या संकेतस्थळावर ३६० अंशांचे पॅनोरमा सीसीझिरो परवान्याखाली, म्हणजे कोणत्याही अटीविना वापरायला, मिळतात. ते २:१ प्रमाणात असतात. पाहणाऱ्याची दिशा मध्यभागी येईल असं सरकवा, आडवं उलटवा, आणि कडेकडे दाबत न्या, म्हणजे ९० अंशांवरची गोष्ट ७१ टक्के त्रिज्येवर बसेल. आडवं उलटवायला विसरलात तर प्रकाश एका बाजूने आणि सावली दुसऱ्या बाजूने, असा विसंवाद होतो.

शेवटी फाइल कोणत्या प्रकारात ठेवू?

मूळ फाइल लेअरसह १६ बिटमध्ये. देण्यासाठी ८ बिट पीएनजी, एसआरजीबी प्रोफाइलसह. जेपेगच द्यायची असेल तर गुणवत्ता ९० च्या वर आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (फाइल लहान करायला रंगाचा तपशील कमी करणं) बंद, म्हणजे ४:४:४. हे चालू राहिलं तर सोन्या-तांब्याच्या करकरीत कडांवर रंग ओघळतो. लॉसी, म्हणजे तपशील गाळून लहान केलेल्या, वेबपीमध्ये ते बंदच करता येत नाही, म्हणून रंगीत धातूसाठी वेबपी हवं असेल तर लॉसलेस निवडा.